फिरत्या घराचे नळ आणि दिवे : दुरुस्ती स्वतः करायची, पण कुठवर?

उन्हाळा सुरू झाला, की अमेरिकेच्या महामार्गांवर बस म्हणावी तर बस नाही आणि घर म्हणावे तर घर नाही, अशी वाहने मोठ्या संख्येने दिसू लागतात. छतावर वातानुकूलन यंत्र, आत स्वयंपाकाचा ओटा, झोपण्याची सोय, छोटेसे स्नानगृह आणि पोटाखाली पाण्याच्या टाक्या असा सारा संसार घेऊन ही वाहने एका राष्ट्रीय उद्यानातून दुसऱ्याकडे जात असतात. 'रिक्रिएशनल व्हेइकल' किंवा थोडक्यात 'आरव्ही' या नावाने ती ओळखली जातात. काहींना स्वतःचे इंजिन असते, तर काही मोटारीमागे ओढून न्यायची असतात. भारतात याच प्रकाराला 'कॅराव्हॅन' म्हणण्याची पद्धत रूढ होत आहे.

अमेरिकेत हा उद्योग जुना आणि मोठा आहे. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या लहानशा गावात १९५८ मध्ये सुरू झालेल्या विनेबेगो कंपनीचे नाव तेथे अशा गाडीसाठी जवळजवळ सामान्यनाम बनले आहे. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परिसरात यांतील बहुसंख्य गाड्या तयार होतात. कोरोनाच्या काळात हॉटेल आणि विमान टाळून सुट्टी घालवण्याचा मार्ग म्हणून या गाड्यांना इतकी मागणी आली, की २०२१ या एका वर्षात सहा लाखांहून अधिक गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. आई-वडील भारतातून आले, की त्यांना यलोस्टोन किंवा ग्रँड कॅनियन दाखवण्यासाठी अशी गाडी भाड्याने घेणारी मराठी कुटुंबेही तेथे आहेत. काहींनी तर स्वतःची गाडी घेतली आहे.

मात्र गाडी घेतल्यानंतर काही महिन्यांतच मालकाच्या एक गोष्ट ध्यानात येते. हे घर वारंवार बिघडते आणि दर वेळी मेकॅनिक मिळेलच असे नाही. ऐन मोसमात कार्यशाळांत गाड्यांची रांग असते, बिघाड मात्र बहुधा गावापासून दूर, मुक्कामाच्या जागी होतो. नेहमीच्या मोटार मेकॅनिकला नळकामाचा सराव नसतो, घरोघरी जाणारा प्लंबर १२ व्होल्टच्या पंपाला हात लावायला तयार नसतो. त्यामुळे पाना, पकड आणि मल्टिमीटर हाताळायला शिकणे हा अशा मालकांच्या दृष्टीने छंद न राहता गरज बनते. या गरजेची एक गंभीर बाजूही आहे. पाणी आणि वीज एकाच अरुंद पोकळीतून, हाताच्या अंतरावरून धावत असल्याने इथली चूक काही वेळा खिशाला, तर काही वेळा जिवाला भोवते. म्हणून कोणती दुरुस्ती आपली आणि कोणती जाणकाराची, हे आधी समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

बिघाडांचे मूळ

साधे घर पायावर उभे असते. आरव्ही मात्र ताशी ९०-१०० किलोमीटर वेगाने धावते तेव्हा तिला सतत हादरे बसतात. या हादऱ्यांनी नळजोडांचे आटे सैल होतात, तारांची टोके पकडीतून निसटतात, भिंतीतल्या स्क्रूवर घासून तारांचे वेष्टण फाटते. त्यात ऊन, पाऊस आणि बर्फ यांनी धातूच्या जोडांवर गंज चढतो. या गाड्यांतील बहुतेक बिघाड जोडांमध्ये सापडतात, यंत्रे स्वतः क्वचितच निकामी झालेली असतात, असे म्हटल्यास ते फारसे चुकीचे होणार नाही. पंप बंद पडला म्हणून नवा पंप विकत आणावा आणि तोही चालू नये, कारण दोष चेसिसला जोडलेल्या गंजक्या स्क्रूमध्ये असावा, हा अनेक मालकांचा अनुभव आहे. दुरुस्तीचा पहिला नियम यातूनच निघतो. सुटा भाग बदलण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे, हे मोजून ठरवावे.

एकाच गाडीत दोन प्रकारची वीज

आरव्हीच्या वीजव्यवस्थेचे वैशिष्ट्य म्हणजे तिच्यात दोन स्वतंत्र यंत्रणा शेजारी शेजारी नांदतात. पहिली १२ व्होल्टची, बॅटरीवर चालणारी दिष्ट म्हणजे 'डीसी' वीज. दिवे, पाण्याचा पंप, छतावरचा पंखा, भट्टीचा पंखा आणि गॅसवरील उपकरणांची नियंत्रणे तिच्यावर चालतात. दुसरी १२० व्होल्टची, अमेरिकी घरांत असते तशी प्रत्यावर्ती म्हणजे 'एसी' वीज. वातानुकूलन यंत्र, मायक्रोवेव्ह आणि भिंतीवरचे प्लग यांना ती लागते. ती मुक्कामाच्या जागी उभ्या असलेल्या खांबावरून जाड केबलने किंवा गाडीतील जनरेटरमधून मिळते.

या दोघींना जोडणारी दोन यंत्रे असतात. 'कन्व्हर्टर' बाहेरून आलेल्या १२० व्होल्टचे १२ व्होल्ट करतो आणि बॅटरीही भरतो. 'इन्व्हर्टर' याच्या उलट काम करतो. भारतातील वाचकांना भारनियमनामुळे इन्व्हर्टर परिचयाचा आहेच. तो सर्वच आरव्हींत नसतो, कन्व्हर्टर मात्र जवळजवळ प्रत्येक गाडीत असतो.

बिघाड झाल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की बंद पडलेली वस्तू कोणत्या विजेवर चालते? दिवे आहेत पण प्लग बंद, तर दोष १२० व्होल्टच्या बाजूला असतो. अशा वेळी 'जीएफसीआय' नावाचा सुरक्षा प्लग आधी पाहावा. त्यातून सुमारे ५ मिलिअँपिअर वीज जरी भलत्या वाटेने जमिनीत जाऊ लागली, तरी तो तत्काळ प्रवाह तोडतो. एकाच सुरक्षा प्लगच्या पुढे स्नानगृह, ओटा आणि गाडीबाहेरचा प्लग असे तिन्ही जोडलेले असू शकतात. त्यामुळे बाहेरचा प्लग बंद पडल्याचे कारण आतल्या स्नानगृहात सापडते आणि एक बटण दाबताच काम भागते. ते बटण पुन्हा पुन्हा उसळत असेल, तर मात्र कुठेतरी ओल किंवा गळती आहे, हा त्याचा इशारा मानावा.

काळी तार, पांढरी तार

मोटारीच्या बॅटरीवर लाल म्हणजे धन आणि काळी म्हणजे ऋण, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. अनेक आरव्हींत मात्र १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी तार धन आणि पांढरी तार ऋण असते. त्याच गाडीतील १२० व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी तार म्हणजे फेज आणि पांढरी म्हणजे न्यूट्रल. एकच रंगजोडी दोन्ही यंत्रणांत दोन अर्थांनी वापरली जाते.

हिवाळ्यात घरी काढून ठेवलेली बॅटरी वसंतात परत बसवताना याचा फटका बसतो. सवयीने काळी तार ऋण टोकाला जोडली जाते, एक ठिणगी उडते आणि कन्व्हर्टरमधील उलट जोडणीपासून संरक्षण करणारे फ्यूज वितळतात. दिवे लागतात, पण बॅटरी भरत नाही आणि दोन दिवसांनी सारे अंधारात. यावर उपाय साधा आहे. बॅटरी काढण्यापूर्वी तारांचे छायाचित्र घ्यावे, धन तारेला लाल चिकटपट्टी गुंडाळावी. काढताना ऋण तार आधी सोडवावी आणि बसवताना ती शेवटी जोडावी. पाना चुकून चेसिसला टेकला तरी मग शॉर्टसर्किट होत नाही. कोणत्याही उघड्या तारेला हात लावण्यापूर्वी ती कोणत्या विजेची आहे, याचा निर्णय रंगावरून करू नये. तो मीटरने करावा.

१२ व्होल्टचा धक्का बसत नाही, म्हणून तो निरुपद्रवी असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. १२० वॅटच्या उपकरणाला १२० व्होल्टवर १ अँपिअर प्रवाह लागतो, १२ व्होल्टवर मात्र १० अँपिअर. सैल जोडात केवळ एक दशांश ओहम रोध निर्माण झाला, तरी या १० अँपिअरमुळे तेथे १० वॅट उष्णता सतत तयार होते. भिंतीच्या आतल्या कोरड्या लाकडाशेजारी, कोणाला न दिसता तापणारा असा जोड आग लावू शकतो. वारंवार उडणाऱ्या १५ अँपिअरच्या फ्यूजच्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज बसवणे ही म्हणूनच सर्वांत घातक 'दुरुस्ती' ठरते. फ्यूजचा आकडा त्या तारेच्या जाडीनुसार ठरलेला असतो. तो वाढवला, की फ्यूजऐवजी तारच वितळते.

बॅटरीची भाषा

शिसे आणि आम्लाची बॅटरी काही तास विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल, तर ती पूर्ण भरलेली समजावी. १२.१ च्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते. याच्या खाली तिला वारंवार नेल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. गाडी खांबावरच्या विजेला जोडल्यावर हाच आकडा १३ च्या वर चढायला हवा. तो १२.५ वरच रेंगाळत असेल, तर कन्व्हर्टर किंवा त्याचे फ्यूज तपासावेत. पाच मिनिटांच्या या चाचणीने नव्या बॅटरीचा खर्च वाचतो.

पाणी घालावे लागणाऱ्या बॅटरीत फक्त ऊर्ध्वपातित म्हणजे डिस्टिल्ड पाणी वापरावे. भरली जात असताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो, त्यामुळे तिची पेटी हवेशीर ठेवावी आणि जवळ ठिणगी उडू देऊ नये. अलीकडे अनेक मालक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीकडे वळले आहेत. ती हलकी आणि टिकाऊ असते, पण शून्य अंश सेल्सिअसच्या खाली ती भरल्यास आतून कायमची खराब होते. शिवाय जुना कन्व्हर्टर तिला योग्य प्रकारे भरेलच असे नाही. बॅटरी बदलताना तोही बदलावा लागू शकतो.

खांबावरचे ३० आणि ५० अँपिअर

मुक्कामाच्या जागी, म्हणजे कॅम्पग्राउंडवर, साधारणपणे दोन प्रकारचे जोड मिळतात. ३० अँपिअरच्या जोडाला तीन पिना असतात आणि तो १२० व्होल्टवर ३,६०० वॅट देतो. ५० अँपिअरच्या जोडाला चार पिना असतात. त्यात १२० व्होल्टच्या दोन वेगळ्या वाहिन्या असल्याने एकूण १२,००० वॅट मिळतात. आकडा ३० वरून ५० झाला, तरी शक्ती तिपटीहून अधिक वाढते.

३० अँपिअरच्या गाडीत वातानुकूलन यंत्र १३ अँपिअर, मायक्रोवेव्ह १२ आणि पाणी तापवणारा १,४४० वॅटचा घटक आणखी १२ अँपिअर ओढू लागला, की बेरीज ३७ होते आणि ब्रेकर पडतो. इथे बिघडलेले काहीच नसते. पाणी तापेपर्यंत मायक्रोवेव्ह न लावणे, एवढाच त्यावरचा इलाज.

खरा धोका घरी वीज घेताना निर्माण होतो. आपल्या अंगणात आरव्हीसाठी जोड बसवून घेताना मालक वायरमनला '३० अँपिअरचा प्लग' एवढेच सांगतो. अमेरिकी घरांत कपडे वाळवण्याच्या यंत्राचा ३० अँपिअरचा जोड २४० व्होल्टचा असतो आणि दिसायलाही बराचसा तसाच. वायरमन सवयीने २४० व्होल्ट देतो. गाडी जोडताच कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, दूरचित्रवाणी संच, वातानुकूलन यंत्राचे नियंत्रण असे सारे काही क्षणांत जळते. म्हणून नवा जोड कोणीही बसवलेला असो, गाडीची केबल लावण्यापूर्वी मीटरने १२० व्होल्टची खात्री करून घेतल्याशिवाय राहू नये.

कमी दाबाची वीजही तितकीच तापदायक. कडक उन्हाळ्यात साऱ्या तळावरची वातानुकूलन यंत्रे एकदम चालू झाली, की व्होल्टेज घसरते. ते साधारण १०५ च्या खाली गेल्यास कॉम्प्रेसरला इजा होऊ लागते. व्होल्टेज मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे संरक्षक यंत्र खांब आणि केबल यांच्यामध्ये लावणे, हा यावरचा रास्त उपाय होय.

पत्र्यात वीज उतरते तेव्हा

अर्थिंग हा या साऱ्या विषयातील सर्वांत गंभीर भाग आहे. गाडी रबरी चाकांवर उभी असते, म्हणजे ती जमिनीपासून विद्युतदृष्ट्या वेगळी असते. एखाद्या उपकरणातून वीज गाडीच्या सांगाड्यात झिरपू लागली, तर तिला परत जाण्याचा मार्ग केबलमधील अर्थिंगच्या तारेतूनच मिळतो. मोठी गळती असेल तर त्या मार्गाने भरपूर प्रवाह वाहतो आणि ब्रेकर पडतो. ती तार तुटलेली असेल, खांबावर सैल असेल किंवा कोणी जोडणीची तिसरी पिन कापून टाकली असेल, तर ब्रेकर पडत नाही. गाडीचा संपूर्ण पत्रा, पायरी आणि दाराची मूठ यांत वीज उतरून राहते.

गाडीच्या आत असलेल्यांना याचा पत्ताही लागत नाही, कारण त्यांच्या भोवतालचे सारे एकाच विद्युत पातळीवर असते. पाय ओल्या गवतावर आणि हात दाराच्या मुठीवर, अशा स्थितीतल्या माणसाला मात्र धक्का बसतो. पावसानंतर अनवाणी खेळून परतणारे मूल नेमके याच स्थितीत असते. दाराला हात लावल्यावर 'जराशी मुंगी' येत असेल, तर तिकडे दुर्लक्ष करू नये. सर्वांना गाडीपासून दूर ठेवावे, खांबावरचा ब्रेकर बंद करावा आणि दोष सापडेपर्यंत तो पुन्हा चालू करू नये.

स्वतः वायरिंग करणाऱ्यांकडून होणारी एक चूकही याच संकटाला निमंत्रण देते. अमेरिकी घराच्या मुख्य फलकात न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडलेले असतात. ते पाहून आरव्हीच्या फलकातही या दोघांना जोडण्याचा मोह होतो. राष्ट्रीय विद्युत संहितेच्या ५५१ व्या कलमानुसार गाडीच्या फलकात ही दोन्ही वेगळीच ठेवावी लागतात. हा जोड खांबाच्या बाजूला एकदाच असतो. गाडीतही तो केल्यास नेहमीचा परतीचा प्रवाह सांगाड्यातून वाहू लागतो आणि न्यूट्रल तुटताच पत्रा 'जिवंत' होतो.

तळावर पोहोचल्यावर करायची तपासणी त्यामुळे ठरलेल्या क्रमानेच करावी. आधी खांबावरचा ब्रेकर बंद आहे, याची खात्री करावी. तपासणी-प्लग लावून ब्रेकर चालू करावा आणि व्होल्टेज, अर्थिंग व फेज-न्यूट्रलची अदलाबदल पाहावी. सारे ठीक असल्यास ब्रेकर पुन्हा बंद करून मगच केबल जोडावी. शेवटी स्पर्शाविना वीज ओळखणारा टेस्टर पत्र्याजवळ नेऊन पाहावा. तो वाजला, तर आत जाऊ नये.

पाण्याचे दोन मार्ग

विजेप्रमाणेच गाडीत पाणीही दोन मार्गांनी येते. एक तर तळावरच्या नळाला होज जोडून थेट, किंवा गाडीच्या टाकीतून १२ व्होल्टच्या पंपाने. नळाच्या पाण्याचा दाब किती असेल, याची शाश्वती नसते. गाडीतील नळ्या आणि जोड ४० ते ५० पीएसआय दाबाला सुखाने टिकतात, तर काही तळांवर तो ८० च्या पुढे जातो. म्हणून दाब-नियंत्रक होजच्या गाडीकडच्या टोकाला न लावता नळाच्या तोंडाशी लावावा, म्हणजे होजचेही रक्षण होते. पिण्याच्या पाण्याची होज वेगळी ठेवावी. मैला-टाकी धुण्याच्या होजशी तिची गल्लत कधीही होऊ देऊ नये.

पंप हा मालकाचा चांगला खबऱ्या असतो. नळ बंद केल्यावर दाब पूर्ण होताच तो थांबतो. सर्व नळ बंद असताना तो दर काही मिनिटांनी क्षणभर गुरगुरत असेल, तर कुठेतरी पाणी निसटत आहे किंवा पंपातील उलटा प्रवाह रोखणारी झडप नीट मिटत नाही. याच झडपेचा दोष दुसऱ्या रूपातही प्रकटतो. गाडी तळावरच्या नळाला जोडलेली असताना आतली टाकी आपोआप भरून ओसंडू लागते. नवा पंप कमी पाणी देत असेल, तर त्याच्या तोंडाशी असलेली गाळणी उघडून पाहावी. कारखान्यात टाकीला भोके पाडताना निघालेला प्लास्टिकचा भुसा तिथे अडकलेला सापडतो.

गळती शोधण्याची रीत

आरव्हीची जमीन आणि भिंती बऱ्याचदा प्लायवूड आणि पातळ पत्र्याच्या असतात. घरात महिनाभर ठिबकणारा जोड एक डाग पाडून थांबतो, इथे तोच जोड पायाखालची फळी कुजवतो. त्यामुळे दरवर्षी पहिल्या प्रवासापूर्वी टाकी भरून, पंप चालू करून, प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू कागद फिरवावा. डोळ्यांना न दिसणारा थेंब कागदावर लगेच उमटतो. ओट्याखाली, स्वच्छतागृहाच्या मागे आणि बाहेरच्या शॉवरच्या पेटीत विशेष लक्ष द्यावे, कारण थंडीने तडकणाऱ्या जागा याच.

आजच्या गाड्यांत 'पेक्स' या लवचीक प्लास्टिकच्या नळ्या असतात. जुन्या, विशेषतः १९८० आणि १९९० च्या दशकांतील गाड्यांत करड्या रंगाच्या पॉलिब्युटिलीनच्या नळ्या सापडतात. त्यांच्या सदोष जोडांमुळे अमेरिकेत १९९० च्या दशकात मोठा सामूहिक दावा आणि भरपाईची तडजोड झाली होती. अशा नळीला ठिगळ लावत बसण्यापेक्षा ती टप्प्याटप्प्याने बदलणे शहाणपणाचे. पेक्स नळी सरळ कापावी, तिरका काप गळतो. तांब्याची कडी दाबून बसवणारे हत्यार नसेल, तर ढकलून बसवायचे जोड मिळतात. ते महाग असले, तरी प्रवासातल्या तातडीसाठी दोन-तीन जवळ ठेवावेत. प्लास्टिकच्या आट्यांचे जोड हाताने आवळून वर जेमतेम पाव फेरा द्यावा. ताकद लावली, की जोड तडकतो. ज्या जोडात शंकूच्या आकाराचा रबरी वॉशर असतो, तिथे पाणी अडवण्याचे काम वॉशर करतो, टेफ्लॉन टेपची तेथे गरज नसते.

टाकीतील पाण्याच्या शुद्धतेसाठी मोसमाच्या प्रारंभी दर १५ गॅलनला, म्हणजे साधारण ५७ लिटरला, पाव कप साधे, गंधरहित ब्लीच मिसळून ते सर्व नळांतून खेळवावे, काही तास ठेवावे आणि वास जाईपर्यंत टाकी धुवावी.

वापरलेल्या पाण्याचे काय?

ओट्याचे आणि न्हाणीचे पाणी 'करड्या' टाकीत, तर स्वच्छतागृहाचे 'काळ्या' टाकीत जमते. नवखे मालक काळ्या टाकीची झडप उघडीच ठेवतात. त्यामुळे द्रव वाहून जातो आणि घन मळ टाकीत साचून दगडासारखा होतो. झडप बंद ठेवावी, टाकी दोन तृतीयांश भरल्यावर रिकामी करावी आणि त्यानंतर करडी टाकी सोडावी, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज धुतली जाते. टाकी रिकामी असूनही दर्शक 'भरली' असे सांगत असेल, तर तो क्वचितच बिघडलेला असतो. आतल्या खुंट्यांना कागद चिकटलेला असतो. ओट्याखाली दुर्गंधी येत असेल, तर टाकीआधी तिथली हवा आत घेणारी छोटी झडप तपासावी. ती मिटत नसेल, तर टाकीतील वायू तेथून घरात शिरतो. हा भाग स्वस्त असतो आणि हातानेच बदलता येतो.

हीटर आणि हिवाळा

पाणी तापवणाऱ्या टाकीबाबत एक नियम कडकपणे पाळावा. टाकीत पाणी असल्याची खात्री झाल्याशिवाय विजेचा घटक चालू करू नये. कोरड्या टाकीत तो काही क्षणांतच जळतो. टाकी रिकामी करताना आधी वीज आणि गॅस बंद करावा, पाणी पूर्ण थंड होऊ द्यावे, गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडावा आणि मगच तळाची गुडदी काढावी. पोलादी टाकीत मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियमचा एक दांडा असतो. टाकीऐवजी तो स्वतः गंजत राहतो. दरवर्षी तो पाहावा आणि तीन चतुर्थांश झिजला असल्यास बदलावा. अ‍ॅल्युमिनियमचे अस्तर असलेल्या टाक्यांना असा दांडा नसतो.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि नळ्या, पंप, झडपा फोडते. म्हणून थंडीपूर्वी सारे पाणी काढून, हीटरचा मार्ग वळवून, नळ्यांत गुलाबी रंगाचे प्रॉपिलीन ग्लायकोल भरले जाते. मोटारीच्या रेडिएटरमधील इथिलीन ग्लायकोल विषारी असते. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत ते कदापि घालू नये.

महाराष्ट्रासाठी धडा

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी धोरण आणले. केरळनेही त्याच वर्षी अशी योजना जाहीर केली. कोकणात किंवा सह्याद्रीत अशी गाडी नेणाऱ्यांना, तसेच जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये स्वतः घर थाटणाऱ्या हौशी मंडळींना वरील तत्त्वे तंतोतंत लागू पडतात, आकडे मात्र नाहीत. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची, म्हणजे अमेरिकेच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे सांगाड्यात उतरलेली वीज येथे अधिक जीवघेणी ठरते. आपल्या घरांत बसवले जाणारे गळती-रोधक ब्रेकर साधारणतः ३० मिलिअँपिअरला प्रवाह तोडतात. गाडीत असा ब्रेकर असणे आणि जेथून वीज घ्यायची त्या ढाब्याच्या किंवा रिसॉर्टच्या प्लगला खरोखर अर्थिंग असणे, या दोन गोष्टींची खातरजमा प्रत्येक मुक्कामी करायला हवी. कोकणातील दमट आणि खारट हवेत जोड लवकर गंजतात, हेही लक्षात ठेवावे. अमेरिकेतून १२० व्होल्टची उपकरणे आणून येथील गाडीत थेट जोडू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

स्वतः काय करावे, काय टाळावे?

स्वतः करण्याजोगे : फ्यूज बदलणे (त्याच आकड्याचा), १२ व्होल्टचे दिवे आणि पंप बदलणे, गंजलेले जोड घासून पुन्हा आवळणे, बॅटरीची निगा, नळ्यांची गळती काढणे, नळ व झडपा बदलणे, टाक्यांची स्वच्छता, हीटरचा दांडा बदलणे, हिवाळ्याची तयारी.

मीटर वापरता येत असल्यासच : कन्व्हर्टर बदलणे, १२० व्होल्टचा प्लग किंवा ब्रेकर बदलणे. यासाठी केबल काढून, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद करून, वीज नसल्याची मीटरने खात्री करावी.

जाणकारावर सोपवावे : गॅसच्या नळ्या व बर्नर, पत्र्याला येणारा धक्का, अंगणात नवा जोड बसवणे, मुख्य फलकातील फेरबदल.

सोबत ठेवावे : मल्टिमीटर, तपासणी-प्लग, स्पर्शाविना वीज ओळखणारा टेस्टर, निरनिराळ्या आकड्यांचे फ्यूज, दाब-नियंत्रक, दोन-तीन पेक्स जोड, वॉशर, टेफ्लॉन टेप, विजेरी आणि गाडीच्या वायरिंगची छायाचित्रे.

या यादीतील बहुतेक कामांना कौशल्यापेक्षा संयम अधिक लागतो. ठिबकणारा जोड शोधायला अर्धा तास गेला तरी चालेल. विजेच्या बाबतीत मात्र मीटर काय सांगतो हे कळत नसेल, तर ब्रेकर बंद करून तंत्रज्ञाची वाट पाहणे, हीच त्या दिवसाची योग्य दुरुस्ती समजावी.